नानांची फवारणीची वही

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि चेअरमन बापटांचा आवाज चढला. टाकीची गळती दिवसाला अंदाजे दोनशे लिटर होती. बापटांच्या शब्दांची त्याहून जास्त. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून दगूनाना उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "चेअरमन साहेब, बसा जरा. तुम्हाला इरिटॅबिलिटी झाली हाय. लक्षण नंबर चार."

सगळ्या माना बापटांकडे वळल्या. मग बापट खरोखरच बसले. टाकीची दुरुस्ती पुढच्या अकरा मिनिटांत मंजूर झाली. इतक्या कमी वेळात आमच्याकडे चहासुद्धा मंजूर होत नाही.

दगूनाना आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वय बाहत्तर, शिक्षण सातवी. निफाडच्या अलीकडे बारा एकर द्राक्षबाग, जी आता मुलगा पाहतो. तीन वर्षांपूर्वी पत्नी गेल्या, त्यानंतर दोन महिन्यांत नानांनी नाशिकला फ्लॅट घेतला आणि एकटे येऊन राहिले. बाग सोडून इथे कशाला आलात, असं कोणी विचारलं की ते गुडघ्यावर थाप मारतात. "गुडघं गेलं, साहेब. बागेत चालवत नाय." गुडघे गेलेला माणूस दिवसातून चार वेळा जिना चढतो-उतरतो, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं. पण दुसऱ्याच्या गुडघ्याचं माप आपण कशाला घ्यायचं, म्हणून मी गप्प होतो.

मी स्वतः सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सत्तावीस वर्षं लोखंडी दांड्यांचा व्यास मोजतो आणि त्याचे अहवाल इंग्रजीत लिहितो. एवढ्या पात्रतेवर नानांनी मला मास्तर नेमलं.

गेल्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ते वही घेऊन दारात उभे राहिले. "सोनवणे साहेब, ह्या शब्दाचा उच्चार सांगा. नातीच्या मोबाईलवर वाचला व्हता, चित्रासारखा उतरून आणलाय."

वही उघडली तर ती फवारणीची नोंदवही निघाली. निर्यातीची द्राक्षं पिकवणाऱ्यांना अशी वही ठेवावी लागते: कोणत्या तारखेला, कोणत्या प्लॉटवर, कोणता रोग दिसला, काय फवारलं, किती प्रमाणात, आणि शेवटी शेरा. नानांनी रोगाच्या रकान्यात इंग्रजी शब्द लिहिला होता: ओव्हरव्हेल्म्ड.

मी उच्चार सांगितला. अर्थ सांगायला गेलो आणि अडकलो. "म्हणजे बघा नाना, एकाच वेळी इतकं सगळं अंगावर येतं की माणसाला काही सुचेनासं होतं."

नानांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे वेलीवर घड जास्त ठेवले."

"अं?"

"वेल चाळीस घड पेलती, आपण हावरेपणानं सत्तर ठेवले. मग एक बी धड पिकत नाय, वर वेल बी खलास. थिनिंग करायला पायजे. घड कमी करा." आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहून टाकलं: घड कमी.

आतून माझी बायको शैला बाहेर आली. तिने तो शेरा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाना, हे पान मला फाडून द्या. ह्यांना दाखवायला."

त्या दिवसापासून आमच्याकडे शिकवणी सुरू झाली. खरं सांगायचं तर उत्साह त्यांच्यापेक्षा मलाच जास्त चढला. मी शब्दांची यादी केली, त्यांना क्रमांक दिले, दर रविवारी सकाळी दहाला वीस गुणांची परीक्षा ठेवली. साडेपाच महिन्यांत एकशे त्रेचाळीस शब्द आणि तेवीस परीक्षा झाल्या. सरासरी वीसपैकी साडेसोळा. कारखान्यात नवीन लागलेल्या इंजिनिअरांची सरासरी मी सांगत नाही.

नानांच्या डोक्यात कोणताही शब्द द्राक्षाच्या मांडवाखालूनच शिरतो. 'ट्रिगर' म्हणजे मोटारीचा स्टार्टर. दाबला की पुढचं सगळं आपोआप. 'कोपिंग' म्हणजे मांडव. वेल तीच, पण तारेवर चढवली म्हणून उभी. 'अँटिसिपेटरी अँग्झायटी' हा शब्द शिकवायला मी अर्धा तास राखून ठेवला होता. त्यांना अर्ध्या मिनिटात कळला. "अवकाळी पाऊस अजून सटाण्याला बी नाय, आणि इकडं आपल्या पोटात गोळा! अहो साहेब, फेब्रुवारीत आमचा अख्खा तालुका ह्याच्यावरच जगतो. इंग्रजीत ह्याला नाव हाय व्हय?" आणि ते इतके खूश झाले, की निफाडला कोणाला तरी फोन करून त्यांनी ती बातमी दिली. पलीकडचा माणूसही खूश झाल्याचं मला ऐकू आलं.

'रुमिनेशन' तर त्यांचा आवडता. "रवंथ. गाय करती तीच. फरक एवढाच, की गायीच्या पोटात काहीतरी जातं."

अडचण एकच होती. द्राक्षवाल्याची सवय अशी, की रोग दिसायच्या आधी ओळखायचा. पानावर डाग उमटला म्हणजे उशीर झाला. त्यामुळे नाना जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाचं पान उलटून बघू लागले. वॉचमन लिफ्टमध्ये बसत नाही, त्याच्या नावापुढे क्लॉस्ट्रोफोबिया. पहिल्या मजल्यावरच्या भिंगारेबाई पाहुणे येणार म्हटलं की चार दिवस आधीपासून फरशी पुसतात, त्यांना परफेक्शनिझम. भिंगारेबाईंना ते बक्षीस वाटलं; त्यांनी शेजारणींना सांगितलं. दूधवाला उशिरा आला तर त्याला कोणी रागावत नाही, नाना विचारतात, "काय रे, अव्हॉयडन्स का?" तो म्हणतो, "नाय नाना, पंक्चर."

मीही सुटलो नाही.

"साहेब, तुम्हाला चेकिंग हाय. कंपल्सिव्ह. कुलूप लावल्यावर तीनदा ओढता."

"तीनदा नाही, नाना. दोनदा. तिसऱ्यांदा फक्त हात लावतो."

स्वयंपाकघरातून शैलाचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

एकदा मी त्यांना विचारलंच. "नाना, आपल्याकडे शब्द कमी आहेत का? घोर, धास्ती, धाकधूक, हुरहूर, काळजात लकलक. या वयात इंग्रजी कशाला?"

नानांनी वही मिटली. मग जे सांगितलं ते असं.

त्यांची नात मुक्ता पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहे. वय सव्वीस. दीड वर्षापूर्वी तिने नानांना फोन केला. बापाला नाही, आईला नाही, नानांना. म्हणाली, काल ऑफिसात मला पॅनिक अटॅक आला. श्वास लागेना, वाटलं आता मरते. आता बरी आहे. कोणाला सांगू नका.

"मी म्हणालो, बरं. आणि धा मिनिटांत तिच्या बापाला सांगितलं," नाना म्हणाले.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की भेटायला जातात. न जाणं म्हणजे नातं तोडणं. दोन तासांत एक पिकअप आणि एक जीप भरून चौदा माणसं पुण्याकडे निघाली. बरोबर बारा शहाळी, दोन डझन मोसंबी, ग्लुकोजची बिस्किटं आणि आत्याबाईंनी वणीहून आणलेला अंगारा. मुक्ता तीन मैत्रिणींबरोबर दोन खोल्यांत राहते. तिथे चौदा माणसं उभ्याने मावली. प्रत्येकाने विचारलं, काय झालं गं? कोणी कपाळाला हात लावून ताप पाहिला, कोणी जेवत नसशील म्हणाली, आत्याबाईंनी लग्नाचा विषय काढला. मुक्ता चौदा वेळा म्हणाली, काही नाही.

"तेव्हापासून ती कायबी सांगत नाय," नाना म्हणाले. "आधी तिचा फोन पंचवीस-पंचवीस मिनिटं चालायचा. आता तीन मिनिटाच्या आत. मी बघतो ना मोबाईलवर. 'बरी आहे नाना, तुम्ही जेवलात का?' आणि संपलं. साहेब, ती ह्या इंग्रजी शब्दांनी सांगत व्हती आणि मला एक बी येत नव्हता. मला कळलं असतं, तर मी गाडी भरली नसती. ती पुन्हा एकदा सांगू लागली पायजे. ती ज्या दारातून येती, त्या दाराशी मी उभा राहतो. एवढंच."

फोनची मिनिटं मोजणारा माणूस मला त्या दिवशी फार जवळचा वाटला. दुसऱ्या दिवसापासून मी यादीत रोज एक शब्द वाढवला.

जानेवारीत बातमी आली: मुक्ता चार दिवस नाशिकला येणार, नानांकडे राहणार. इमारतीत जणू दहावीची परीक्षा लागली. मी पूर्ण यादीची उजळणी घेतली. भिंगारेबाईंनी नानांच्या घरची फरशी पुसून दिली. बापट म्हणाले, "नाना, माझ्यावर प्रॅक्टिस करा, मी चिडून दाखवतो." त्यांना फार कष्ट पडले नाहीत.

मुक्ता आली त्या दुपारी आम्ही सहाजण नानांच्या हॉलमध्ये हजर होतो. ते चुकलंच, हे आता कळतं. मुलगी बारीक, चष्मेवाली, पाठीवर बॅग. ती पाया पडली. नानांनी घसा साफ केला आणि साडेपाच महिन्यांची तयारी एका दमात ओतली: "वेलकम, मुक्ता. हाऊ इज युवर अँग्झायटी?"

उच्चार निर्दोष होता. वीसपैकी वीस.

मुक्ताने आमच्याकडे पाहिलं. बापट, भिंगारेबाई, त्यांची जाऊ, वॉचमन, शैला, मी. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उत्सुकता. तिचा चेहरा मात्र दार लावून घ्यावं तसा झाला. "बरी आहे नाना," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

भिंगारेबाई पहिल्या उठल्या. मग आम्ही सगळे.

दोन दिवस काहीच घडलं नाही. नाना जिन्यात भेटले की नुसती मान हलवायचे. वॉचमनने स्वतःहून लिफ्टचं दार धरलं, तरी त्यांनी त्याला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला निरोप आला, चहाला या. शैला म्हणाली, "एकटेच जा. आणि मास्तरकी करू नका."

मी गेलो तेव्हा नाना ओट्याशी चहा गाळत होते आणि मुक्ता टेबलाशी बसून ती वही वाचत होती. नानांनी लपवली नव्हती आणि दाखवलीही नव्हती. पेपरांच्या गठ्ठ्यात तिला सापडली. सुरुवातीला ती नुसती पानं उलटत होती. मग एकदम खो-खो हसायला लागली.

"नाना, हे काय? 'चेअरमन. इरिटॅबिलिटी. शेरा: भुरी रोगासारखी, ढगाळ हवेत वाढते.' आणि हे! 'सोनवणे साहेब. चेकिंग. जुनाट. फवारणीचा उपयोग नाही.'" मग मला पाहून ती ओशाळली. "सॉरी काका."

"बरोबर आहे ते," मी म्हणालो. "फक्त जुनाटच्या जागी स्थिर म्हणता आलं असतं."

ती पुढे वाचत गेली. वॉचमन, दूधवाला, स्वतःचा बाप, आत्या, आई. तिच्या स्वतःच्या नावाचं पान आलं. तिथे रोगाचा रकाना कोरा होता. शेऱ्यात लिहिलं होतं: तिला विचारून लिहिणे.

त्या कोऱ्या रकान्यावर तिने बोट ठेवलं. मग वही शेवटपर्यंत चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"नाना, सगळ्या गावाचं लिहिलंत. तुमचं पान कुठाय?"

"माझं कशाला? मला काय झालंय?"

"काहीच नाही?"

"गुडघं."

"त्या गुडघ्यांनी तुम्ही काल चार वेळा जिना चढलात-उतरलात."

नानांनी कप खाली ठेवले. टोपी काढली, परत घातली. मला वाटलं, आपण उठावं. पण खुर्चीचा आवाज झाला असता.

"तुझी आजी गेली ना," ते म्हणाले, "तेव्हा थिनिंग चालू व्हतं. ती दोन ओळी सोडून पलीकडं व्हती. मी हाक मारली, कात्री दे गं म्हणून. तिनं ओ दिली नाय. तेव्हापासून मला बागेत जाता येत नाय. गाडी बागेच्या फाट्यापाशी आली की हात थरथरत्यात, छाती अशी वाजती की ड्रायव्हरला ऐकू जाईल असं वाटतं. घाम येतो. मग म्हणतो, गाडी वळव, गुडघं दुखतंय. तीन वर्षं झाली. तुझ्या बापाला ठाव नाय. चाळीस वर्षं बाग केलेला माणूस बागेला भितो, हे कसं सांगायचं?"

एकशे त्रेचाळीस शब्द मी शिकवले होते. त्यांतले निदान पाच या माणसाच्या अंगात रोज वावरत होते, आणि मी त्यांच्या उच्चाराला गुण देत बसलो होतो.

मुक्ताने शब्द सांगितला नाही. तिने विचारलं, "फाट्याच्या किती आधी सुरू होतं?"

"कॅनॉलच्या पुलापासून."

"काका," ती माझ्याकडे वळली, "उद्या गाडी मोकळी आहे का? फक्त फाट्यापर्यंत."

"बागेत नाही जायचं?"

"नाही. पहिल्या दिवशी फाटाच. माझ्या समुपदेशक मॅडमनी मला असंच शिकवलं. मला ऑफिसची लिफ्ट जमत नव्हती. पहिला आठवडा नुसतं लिफ्टसमोर उभं राहायचं, बटण दाबायचं नाही."

लिफ्टचं नानांना पहिल्यांदाच कळत होतं. ती अशा कोणा मॅडमकडे जाते, हेही. पण त्यांनी विचारलं नाही. फक्त चहात साखर दोनदा घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. मी चालवत होतो, मागे ते दोघं. चांदोरीपर्यंत नाना बोलत होते: कोणाच्या बागेत रंग राखायला घडांना कागद लागले, कोणाचे मणी फुगले, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची कशी वाट लावली. कॅनॉलचा पूल आला आणि त्यांचा आवाज बंद झाला. फाट्यावर मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. चौतीस पूर्णांक सहा किलोमीटर.

आरशात मला नानांचे हात दिसत होते. मांडीवर दाबून धरले होते.

"नाना, दहापैकी किती?" मुक्ता म्हणाली. "काहीच नाही म्हणजे शून्य. मरतोय असं वाटतं म्हणजे दहा."

"नऊ."

"बरं. कुठे जायचं नाही. इथंच बसायचं. मला सांगा, बाहेर काय काय दिसतंय?"

"विजेचा डांब," नाना म्हणाले. त्यांचा श्वास वाजत होता. "ट्रॅक्टर. चहाची टपरी. ती पाटलांची बाग. घडांना कागद लावलेत. वरच्या ओळीला नीट नाय लावले."

"किती?"

"नऊच... नाय, आठ."

कोणत्याही उपकरणाशिवाय घेतलेलं माप मी आयुष्यात मान्य केलेलं नाही. पण तिथे मी घड्याळ काढून बसलो आणि माझी स्वतःची छाती क्रिकेटची शेवटची ओव्हर चालू असल्यासारखी वाजत होती. चौथ्या मिनिटाला आठ. सातव्या मिनिटाला सात. नवव्या मिनिटाला एक ट्रॅक्टर कर्णा वाजवत अगदी खेटून गेला आणि परत आठ. मी त्या ट्रॅक्टरवाल्याला मनातल्या मनात काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. पंधराव्या मिनिटाला सहा. सतराव्या मिनिटाला नानांनी हात मांडीवरून उचलले आणि खिडकीची काच स्वतः खाली केली.

"पाच," ते म्हणाले. आणि मी जवळजवळ ओरडलो, "पाच!" मुक्ता हसली. नानाही हसले, घामाने टोपीची कड ओली झाली होती तरी.

मग ते तिच्याकडे वळले. इंग्रजी नाही, यादी नाही, घसा साफ करणं नाही. भाजीचा भाव विचारावा इतक्या साधेपणाने त्यांनी विचारलं, "आणि तुझं किती?"

"माझं? कधीचं?"

"आत्ताचं."

तिने चष्मा काढून पुसला. मी आरशावरची नजर काढून समोर रस्त्याकडे पाहू लागलो.

"सहा," ती म्हणाली. मग चष्मा परत लावून, "सोमवारी परत जायचंय ना. रात्रीपासून सहा आहे. पुण्यात कधी कधी आठ असतं, नाना. मी कोणाला सांगत नाही."

मला वाटलं, आता नाना विचारतील, का गं, जेवत नाहीस का, घरी ये, नोकरी सोड. मी वाट पाहिली.

"मग?" नाना म्हणाले. एवढंच.

आणि ती सांगायला लागली.

मी हळूच दार उघडून उतरलो आणि टपरीपाशी गेलो. तीन चहा सांगितले. तिथून काचेतून एवढंच दिसत होतं, की मुक्ताचे हात हवेत फिरत आहेत आणि नानांची टोपी मधून मधून खाली-वर होते आहे. टपरीवाल्याने पाच मिनिटांत कप भरायला घेतले.

"झाला साहेब चहा. देऊ?"

"थांबा," मी म्हणालो. "अजून जरा उकळू द्या."